माहेरची सही, सासरचा पासपोर्ट

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचाच राग येतो. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. हे प्रकरण त्या मानानं किरकोळ. यात कोणाचा जीव गेला नाही, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या तेवढंच. पण यात चूक माझी होती, आणि ती मी मराठी माणूस असून केली. कोणाचंही खरं नाव मी इथे देणार नाही.

माझं मूळ घर गोंदियाकडचं. वडील रेल्वेत होते म्हणून आम्ही रायपूरला आलो आणि इथलेच झालो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडे रायपूरला लागून असलेल्या बीरगांवच्या बाजूचं एक पोलीस थाणं होतं. आमच्याकडे थाणेदाराला टीआय म्हणतात. कारखान्यांचा भाग, त्यामुळे दिवस भांडणं, अपघात, चोरीचं तांबं यातच जायचा. त्यातून वेळ काढून पासपोर्टची पडताळणी करायची. शिपाई अर्जदाराच्या घरी जातो, शेजाऱ्यांना विचारतो, दोन सह्या घेतो आणि अहवाल देतो. हे काम कोणी मन लावून करत नाही, आम्हीही करत नव्हतो.

मुन्शी, म्हणजे थाण्याची लिखापढी सांभाळणारा हवालदार, एका सकाळी रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"साहब, एक ही पारा की छह-छह औरतें नानी बनने परदेस जा रही हैं," तो म्हणाला. "बीरगांव में ऐसा क्या हो गया?"

मी हसलो. पण रजिस्टर पाहिलं तेव्हा हसू थांबलं. गेल्या पाच महिन्यांत पडताळणी होऊन पासपोर्ट मिळालेल्या सहा बायका, सगळ्या पंचेचाळीस ते पंचावन्नच्या, सगळ्या एका वस्तीतल्या. परदेशी जाण्याचं कारण विचारल्यावर सहाही जणींनी एकच सांगितलं होतं: मुलीचं बाळंतपण आहे. शिपायानं इमानदारीनं सहा वेळा ते लिहून आणलं होतं.

त्याच आठवड्यात आमच्या महिला हवालदारानं एका बाईला माझ्यासमोर आणून बसवलं. ही बाई नुकतीच आखातातून परत आली होती. रायपूरच्या तेलीबांधा भागातल्या एका एजंटनं तिला फिरण्याच्या वीजावर पाठवलं, आणि तिथे एका श्रीमंत घरात बाळ-बाळंतिणीचं करायला ठेवलं. पोहोचल्या दिवशीच मालकिणीनं पासपोर्ट काढून घेतला. वीजाची मुदत संपली तरी सोडलं नाही. ती छत्तीसगढीत एकच वाक्य म्हणाली, "घुमे के वीजा रिहिस साहब, अउ तीन महीना ले खिड़की के बाहिर नइ देखेंव." फिरायचा वीजा होता, आणि तीन महिने खिडकीबाहेर पाहिलं नाही.

वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. दहावी न झालेल्या माणसाला आखातात कामाला जायचं तर आपल्या सरकारची वेगळी मंजुरी लागते. ती मंजुरी देताना मालक कोण, करार काय, हे तपासतात. फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही. एजंट लोक इथेच बोट घालतात. बाईला कामाला न्यायचं आणि कागदावर पर्यटक दाखवायचं. विमानतळावर कोणी विचारलंच तर एक गोड उत्तर तिच्याकडून घोकून घ्यायचं, आणि आईच्या तोंडी मुलीच्या बाळंतपणाइतकं गोड उत्तर दुसरं कुठलं?

तेलीबांधा माझ्या हद्दीत नव्हतं. तिथल्या थाण्याला कळवलं, त्यांचे दोन शिपाई आणि आमचा मुन्शी घेऊन एजंटच्या ऑफिसात गेलो. तलावाकडे तोंड करून काचेचं ऑफिस होतं, भिंतीवर उंच इमारतींची पोस्टरं, आणि एजंट कोट घालून बसलेला. कपाटात सहा पासपोर्ट सापडले. प्रत्येकाला टाचलेलं एक पत्र होतं, 'माझी आई माझ्या बाळंतपणासाठी येत आहे' असं मुलीनं लिहिलेलं. पाच पत्रं अक्षरशः एकच होती, स्पेलिंगच्या चुकांसकट. सहावं वेगळं होतं. ते हातानं लिहिलेलं होतं आणि सोबत त्या मुलीच्या पासपोर्टची झेरॉक्सही जोडली होती.

मुन्शीनं ती झेरॉक्स उलटून पाहिली. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव असतं.

"साहब, इसमें माँ का नाम ही दूसरा है," तो म्हणाला.

समजा, मुलीच्या पासपोर्टवर आईचं नाव कुसुम होतं, आणि जाणाऱ्या बाईच्या पासपोर्टवर यशोदा. आडनावंही जुळत नव्हती, पण मुलीचं लग्न झालेलं, त्यात काही विशेष नव्हतं. नावाचं मात्र विशेष होतं. मी मनाशी ठरवून टाकलं की बाकी पाच कच्चं खोटं आहेत आणि हे पक्कं. एजंटनं कुठल्या तरी दुसऱ्याच बाईच्या मुलीचे कागद आणून इथे चिकटवले. जप्ती पंचनामा केला, एजंटला अटक केली, सहाही पासपोर्ट मालखान्यात जमा केले.

साक्षीदार बाईला जबाबासाठी थाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. महिला हवालदाराला घेऊन मी घरं फिरलो. पहिल्या पाचही जणींनी अर्ध्या तासात सगळं सांगून टाकलं. एकीला तर मुलगीच नव्हती. तिला विचारलं, "बेटी का नाम?" तर ती हवालदाराकडे पाहून हसली आणि रडायला लागली.

सहाव्या घरी गेलो. बाई पन्नाशीच्या, एका खाजगी दवाखान्यात आया होत्या. फावल्या वेळात आसपासच्या वस्तीत बाळांना तेल लावायला, न्हाऊ घालायला जायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही इथे तेच म्हणतो. मी मराठीत बोललो तशा त्या जरा सैल झाल्या.

"कुठं चालल्या होत्या मावशी?"

"पोरीकडं. बाळंतपण कराले जाऊन राहिली."

"कोणाचं बाळंतपण?"

"काहून? माह्याच पोरीचं."

"तुमचं तर तेच काम आहे ना? दवाखान्यात, लोकांच्या घरी?"

"हाव. मग?"

"तिकडं किती देणार होते?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर तिथेच विषय सोडला असता. "मायले बाळंतपणाचे पैसे भेटते का सायेब?" त्या म्हणाल्या. मग आवाज उतरला. "तिचं पयलं पोट्टं आठव्या महिन्यात गेलं. एकटी होती तवा. जवाई ड्युटीवर. आता नववा लागला हाय. औंदा तिले एकटी ठेवाची नाही म्हून मी जाऊन राहिली."

मी हे लिहून घेतलं. ऐकलं मात्र नाही. मनात म्हणालो, एजंटनं हिच्याकडून चांगलं पाठ करून घेतलं आहे.

पत्रावरच्या नंबरला फोन लावला. एका मुलीनं उचलला आणि ती लगेच रडू लागली, "सर, मम्मी को आने दीजिए ना, प्लीज." बाकी पाच नंबरांवरच्या 'मुली'ही रडल्या होत्या, त्यातल्या तिघींचा तर आवाजच एक होता. शिवाय ही मुलगी हिंदीत बोलली. आई अशी अस्सल वऱ्हाडी बोलणारी आणि मुलगी हिंदीत? मी ते संशयाच्या बाजूला टाकलं. आता लिहिताना लाज वाटते, कारण माझा स्वतःचा मुलगा मला फोनवर "हाँ पापा" म्हणतो. रायपूरची आमची सगळी पोरं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मला ते तेव्हा आठवायचंच नव्हतं.

गंमत म्हणजे एजंटनं मला खरं सांगितलं होतं. कोठडीतून चौकशीला आणला तेव्हा बाकी पाच जणींचं त्यानं कबूल केलं आणि म्हणाला, "वो छठी वाली सच में माँ है साहब. उसका केस अलग है." मी मुन्शीकडे बघून हसलो. जो माणूस दहा गोष्टी खोट्या सांगतो त्याची अकरावी खरी असू शकते, हे पोलीस ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवत नाही.

खरं सांगून टाकलं म्हणून पाच बायका साक्षीदार झाल्या. मावशींना मात्र बनावट कागद वापरल्याबद्दल आरोपी करायचं मी ठरवलं. हजर राहण्याची नोटीस तयार केली आणि आठ दिवसांनी परत त्यांच्या घरी गेलो. या आठ दिवसांत त्या दोनदा थाण्यात येऊन गेल्या होत्या. दोन्ही वेळा मी बंदोबस्तावर होतो. मुन्शीनं त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि परत पाठवलं.

नोटीस वाचून दाखवली. मावशींनी शांतपणे ऐकली. महिला हवालदारानं नोटीस मिळाल्याची पावती पुढे केली आणि बोट ठेवून म्हणाली, "यहाँ दस्तखत कर दो."

मावशींनी पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि थांबल्या.

"कोणती करू सायेब?" त्यांनी मला विचारलं. "माहेरची का सासरची?"

हवालदार बाई छत्तीसगढची, तिला प्रश्नच कळला नाही. "दस्तखत कै ठन होथे ओ?" ती म्हणाली. सह्या काय दोन-दोन असतात का, असं. मला कळला. कळला म्हणजे अंगावर पाणी ओतावं तसा कळला.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यावर नवं नाव लिहायचं, आणि त्या क्षणापासून बाई त्या नावाची. माझी आई माहेरी एक होती आणि सासरी दुसरी. रेल्वेच्या दवाखान्याच्या कार्डावर एक नाव आणि मामानं दिलेल्या कागदावर दुसरं, म्हणून मी ऐन विशीत तिच्यासाठी कचेरीत जोडे झिजवले होते. ही दोन्ही माणसं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र मीच माझ्या हातानं लिहिलं होतं. मुन्शी उत्तर प्रदेशाकडचा, त्याला दोन नावं म्हणजे दोन बायका वाटल्या तर त्याचं चुकलं नाही. मला काय झालं होतं?

मी मावशींसमोर जमिनीवर बसलो आणि जबाबाचा पहिला प्रश्न विचारला, जो आठ दिवसांपूर्वी विचारायला हवा होता. कोणत्याही जबाबात पहिलं काय, तर नाव. मी ते विचारलंच नव्हतं, पासपोर्टवरून उतरवून घेतलं होतं.

"मावशी, तुमचं नाव काय?"

"सासरचं यशोदा. बापानं ठेवलं थे कुसुम."

मग सगळं बाहेर आलं. नवरा लवकर गेला. त्या कामाच्या शोधात बीरगांवला आल्या आणि मुलीला छत्तीसगढातल्याच आजोळी ठेवलं. शाळेत नाव घालायला आजोबा गेले. मास्तरांनी मुलीच्या आईचं नाव विचारलं तेव्हा म्हाताऱ्यानं आपल्या लेकीचं नाव सांगितलं, ज्या नावानं तो तिला हाक मारायचा तेच. तेच दाखल्यावर गेलं, दाखल्यावरून पासपोर्टवर गेलं. मावशींचं आधार कार्ड मात्र सासरच्या नावाचं निघालं.

मी विचारलं, "पण त्या एजंटकडे कशाला गेलात? जावयाला तिकडून नातेवाइकाच्या भेटीचा वीजा काढता येतो ना?"

"काढला होता ना. त्यायनं दोनदा टाकला. दोन्ही बार वापस आला. म्हणे ही माय नाही, नाव जुळत नाही." त्या पावतीकडेच पाहत होत्या. "मंग दवाखान्यातली एक दीदी म्हणे, टूरिस्टवर टाका, टूरिस्टमंधी नातं नाही विचारत. त्या एजंटचा पत्ता तिनंच देला."

म्हणजे बाई आधी बरोबर दारात गेली होती. तिथे तिला तू आई नाहीस असं सांगितलं गेलं, म्हणून ती दुसऱ्या दारात आली, आणि तिथे मी उभा होतो. मीही तेच सांगितलं.

नोटीस मी परत घेतली. थाण्यात येऊन रोजनामच्यात, म्हणजे थाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, तशी नोंद घातली. नोंद घालताना मुन्शीनं न मागता चहा आणून ठेवला. आजोळच्या शाळेतून दाखल्याची प्रत मागवली, वस्तीतल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. जप्त वस्तू मला मनानं परत देता येत नाही, कोर्टाचा हुकूम लागतो. कोर्टाला अहवाल दिला की ही बाई आरोपी नाही, हिचा पासपोर्ट देण्यास पोलिसांची हरकत नाही. मध्ये दोन सुट्ट्या आल्या, एकदा न्यायाधीश साहेब रजेवर होते. पासपोर्ट हातात पडायला बारा दिवस गेले. जावयानं प्रतिज्ञापत्र जोडून पुन्हा नातेवाइकाच्या भेटीचा अर्ज टाकला आणि या वेळी वीजा लागला.

वीजा येण्याच्या दोन दिवस आधी मुलगी बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच. जावई ड्युटीवर होता. पोट दुखायला लागल्यावर ती स्वतःच खाली उतरली, शेजारच्या बाईनं गाडी बोलावली. बाळ आणि बाळंतीण सुखरूप होते, हे त्यातल्या त्यात देवाचं देणं. मावशी नवव्या दिवशी पोहोचल्या.

साधारण तीन महिन्यांनी त्या परत आल्या आणि थाण्यात आल्या. मोबाइलवर नातीचे फोटो दाखवले. मुन्शीनं पाहिले, हवालदारानं पाहिले, सगळ्यांनी कौतुक केलं. मग मी त्यांना बाजूला बसवलं आणि म्हणालो, "मावशी, माझी चूक झाली."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ द्या सायेब. आपल्याकडे लोक असंच म्हणतात.

"चूक तं झाली," त्या म्हणाल्या. "पोट्टी जिना उतरून एकटी गेली. मी तिथं पायजे होती."

त्यांचा आवाज चढला नाही. वरिष्ठांची बोलणी आयुष्यभर खाल्ली, पण एवढी लागलेली आठवत नाहीत.

निवृत्तीनंतर मी चौबे कॉलोनीत राहतो. सकाळी फिरायला येणारे ओळखीचे विचारतात, मुलाकडे जायचंय, कोणता वीजा काढावा? मी सांगतो की आधी आपण कशाला चाललो हे स्वतःला विचारा, आणि जे उत्तर येईल त्याच प्रकारच्या वीजाचा अर्ज भरा. नातेवाइकाकडे जायचं असेल तर तसंच लिहा, आणि नातं दाखवणारे कागद, विशेषतः बायकांची नावं, निघायच्या वर्षभर आधी जुळवून घ्या. सोपा दिसतो म्हणून दुसरा वीजा घेऊ नका. लोक मान डोलावतात.

पण जे सांगत नाही ते इथे लिहितो. या प्रकरणाच्या आधीच माझ्या सुनेचं बाळंतपण परदेशात झालं, तेव्हा माझी बायको तिकडे चार महिने होती. तिचा अर्ज मीच भरला होता. प्रवासाचं कारण म्हणून मी 'पर्यटन' या चौकटीत खूण केली, कारण ते पटकन होतं. तिथे तिनं स्वयंपाक केला, बाळाला तेल लावलं, न्हाऊ घातलं, सुनेला शेक दिला. मावशी जे करणार होत्या तेच सगळं. विमानतळावर अधिकाऱ्यानं तिला हसून जाऊ दिलं. तिची बॅग कोणी उघडली नाही, तिला किती मिळणार हे कोणी विचारलं नाही. कॉलोनीतली बाई म्हणाली मुलाकडे चालले, तर ती आजी. बीरगांवची आया तेच म्हणाली, तर ती टोळीतली. असा नियम कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. तो माझ्या डोक्यात होता, आणि मी तो वर्दीसकट घेऊन तिच्या घरात शिरलो होतो. गुन्हेगार ओळखायला मला नोकरीनं शिकवलं. निरपराध माणूस ओळखायला मला त्या बाईनं शिकवलं, आणि त्याची किंमत तिच्या मुलीनं मोजली.

त्या दिवशी थाण्यात मावशी फक्त फोटो दाखवायला आल्या नव्हत्या. त्यांच्या पिशवीत सगळे कागद होते. "आता मले सांगा," त्या म्हणाल्या, "माहं नाव समद्या कागदावर एक कसं करायचं? पोरगी पुन्हा राहिली तं मले असं अडकाचं नाही."

मी त्यांना दुसऱ्या दिवशी कलेक्टर कचेरीत घेऊन गेलो. बाहेर झाडाखाली अर्ज टाईप करून देणारे बसतात. त्यातल्या एकाला मी सगळं समजावलं. त्यानं कागद चढवला, नाव-बदलाचा मजकूर अर्धा टाईप केला आणि थांबून मावशींना विचारलं, "अम्मा, दो नाम हैं. कौन सा रखना है?"

मावशींनी मशीनवर चढवलेल्या कागदाकडे पाहिलं. मला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही, म्हणून मी मराठीत सांगायला गेलो. त्यांनी हातानं मला थांबवलं.

"पोरीच्या कागदावर हाय थे लिवा म्हणा त्याले," त्या म्हणाल्या. "ज्या नावानं मी तिची माय आहो, थे."

टाईपवाल्याला मराठी येत नव्हतं. मी त्याच्या शेजारी वाकून ते नाव अक्षर अक्षर सांगितलं.